काळी माती कुठं बदलते?

माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याइतका हळू सायकल चालवणारा माणूस उभ्या वाशीम जिल्ह्यात दुसरा नसावा. कापडाचं दुकान मुलाच्या हवाली केल्यापासून भाऊजी सायकलवर लांब लांब जातात, पण पोचण्याची घाई त्यांना अजिबात नसते. तुरीला फूल आलं, थांब. तारेवर नीळकंठ बसला, थांब. एकदा मळणीयंत्रातून उडणारा सोयाबीनचा भुसा बघत ते अनसिंगच्या अलीकडे असे रमले, की ज्या साखरपुड्याला निघाले होते तिथला मंडप सुटला तेव्हा पोचले. "नवरी उद्या बी दिसन," असं म्हणून त्यांनी शांतपणे उरलेली बुंदी खाल्ली.

गेल्या हिवाळ्यात त्यांनी मलाही मानोऱ्याकडे ओढून नेलं. मंगरूळपीर मागं पडलं, रस्ता चढउताराचा झाला, कपाशी विरळ होऊन साग दिसू लागला आणि भाऊजींना एकच ध्यास लागला: काळी माती नेमकी कुठं बदलते? धुरा, म्हणजे शेताचा बांध, दिसला की उतरायचं, मूठभर माती चोळायची आणि भेटेल त्याला विचारायचं.

"जमीन घ्याची हाय का?" एका शेतकऱ्यानं विचारलं.

"नाई, पाह्याची हाय."

तो आमच्याकडे बघत राहिला आणि आम्ही पुढं निघताच त्यानं खिशातून फोन काढला. त्यामुळे पुढच्या तांड्यावर आमच्याआधी आमची बातमी पोचली. एक म्हातारी हातात विळा घेऊन थेट सायकलीसमोर उभी राहिली. नव्या रस्त्याची मोजणी करणारे साहेब आले, असा तिचा समज झाला होता.

"माह्या वावरातून रस्ता नाई जाऊ देणार!" ती ओरडली.

"मावशी, आमी नुसतं पाह्याले आलो."

"इतक्या दुरून? सायकलनं? काय हाय इथं पाह्यासारखं?"

भाऊजी गडबडले. मग गिऱ्हाइकापुढं ठेवणीतलं लुगडं उलगडावं तसे सांगू लागले. वाशीमकडची सपाट काळी रानं, त्यातला कोवळा हरभरा, मग दगडगोटे, मग सुपाएवढ्या पानांचा साग. "आन् तुमच्या वावरामागं तं ती टेकडी. अर्धी उन्हात, अर्धी सावलीत."

म्हातारीनं मागं वळून पाहिलं. ती आम्हाला वावराच्या टोकाच्या धुऱ्यावर घेऊन गेली. खाली नाला होता, पलीकडच्या उतारावर पिवळीधमक तूर, आणि तिच्यावरून एका ढगाची सावली हळूहळू सरकत होती.

"लगन होऊन आली तवापासून इथं राबून राह्यली," ती म्हणाली, "पण मान वर करून पाह्यलंच नाई."

थोड्या वेळानं भाऊजींनी मला डोळ्यानं खुणावलं आणि आम्ही पाय न वाजवता रस्त्यावर आलो. ती धुऱ्यावर बसली होती, विळा बाजूला ठेवून, टेकडीकडे तोंड करून. निरोप म्हणून मी घंटीला हात लावला, तसा भाऊजींनी माझा हात धरला.

"नको वाजवू," ते म्हणाले. "पाहू दे तिले."