मडगार्डाचा सांधा

बी.ए.चं प्रमाणपत्र घेऊन मी वडिलांबरोबर एस.टी. स्टँडकडे निघालो होतो. शुक्रवार पेठेतल्या गॅरेजात एक पत्राकाम करणारा गिरणीमालकाच्या स्पोर्ट्स कारला स्वतः घडवलेली रुंद मडगार्डं बसवत होता. वडील थांबलेच. त्यानं डोळे मिटून सांध्यावरून बोटं फिरवली, फट लागली तिथं हातोडीनं हलका ठोका दिला.

"डोळे फसवत्यात, काका. बोटं न्हाय. तुमीच बघा की."

वडिलांनी नांगर धरून राठ झालेली बोटं फिरवली. "लई झ्याक! सांधाच घावंना की!"

पोटाला चिमटा काढून मला शिकवणाऱ्या वडिलांचा चेहरा इतका उजळलेला मी पाहिला नव्हता. त्या माणसाचा हेवा मला अजून वाटतो. सकाळी माझं प्रमाणपत्रही त्यांनी कौतुकानंच हातात घेतलं होतं, पण उलटं धरलं होतं.