वाळूत न उतरलेला सोपान

सोपान फिटर मशिनला हात लावण्यापूर्वी दोन्ही खिसे उलटे करून झटकत असे. पिंपरीच्या आमच्या कारखान्यात या सवयीची थट्टा होई. पण त्याच्याइतका नेमक्या हाताचा फिटर मी पाहिला नाही. त्याच्या भोसरीत अजून सांगतात, की इटलीत समुद्रकिनारी अर्ध्या कपड्यांतल्या बायका पाहून सोपान घाबरून पळाला. हे साफ खोटे आहे. सांगणाऱ्यांपैकी एकही तिथे नव्हता. मी होतो.

कंपनीने आम्हां दोघांना नव्या मशिनच्या प्रशिक्षणासाठी इटलीला धाडले होते. मी सुपरवायझर. सोपानचा हात पाहून तिथल्या फोरमनने मशिनचा बेड, म्हणजे वरचा भाग ज्यावर सरकतो तो लोखंडी पाया, त्याच्या हवाली केला. पोलादी पात्याने केसाहून पातळ थर खरवडत तो सपाट करायचा. पंधरा दिवस सोपान तेच करत होता. सोमवारी तपासणी होती. बेड तीत उतरला, तर परतल्यावर दुरुस्ती विभागाचा मुख्य सोपानच, हे ठरलेले होते.

आदल्या दिवशी, रविवारी, फोरमन आम्हांला रिमिनीच्या समुद्रकिनारी घेऊन गेला. रंगीत छत्र्यांच्या रांगा, पिठासारखी वाळू, आणि टॉवेल पसरायलाही जागा मिळू नये इतकी माणसे. सोपान वाळूच्या कडेला फरशीवरच थांबला. बूट काढीना, बसेना. तीन तास नुसत्या येरझारा.

"बायकांना भितोस काय रे?" मी वाळूतून हाक दिली. लोकांच्या कथेचे मूळ माझ्या या वाक्यात आहे, एवढे मी मान्य करतो.

"बायकांचं काय न्हाई, राव. वाळू लई बारीक हाय. उद्या बेडवर हात ठेवायचाय. तुमीबी या भाईर."

"आंघोळीने जाते वाळू."

"अंगाची जाती. खिशातली कुठं जाती?"

मी हसलो आणि मुलीसाठी एक शिंपला खिशात टाकला.

सोमवारी मी तीच पँट घालून बेडवर वाकलो आणि नोंदीसाठी खिशातून पेन्सिल काढली. मशिनचा वरचा भाग सरकला आणि बेडवर वीतभर ओरखडा उमटला. फोरमनने बोटावर वाळूचा कण उचलून आम्हां दोघांकडे पाहिले. मी पेन्सिल पुन्हा खिशात सरकवली. सोपानने स्वतःच्या बुटांकडे बोट दाखवले.

जेवणाची सुट्टीही न घेता त्याने दोन दिवसांत बेड पुन्हा सपाट केला. अहवालात मात्र निष्काळजीपणाचा शेरा त्याच्या नावावर गेला. विभागाचा मुख्य दुसराच झाला.

काही वर्षांनी तो अंथरुणाला खिळल्याचे कळले, तेव्हा मी भोसरीला गेलो. "सोपान, ती वाळू माझ्या खिशातली होती."

"ठाव हाय."

"मग बोलला का नाहीस?"

त्याने कूस बदलली. "बोललो असतो तर बेड तुमास्नी करायला लावला असता. तुमच्यानं झाला नसता, राव. मशिन वाया गेलं असतं."

वादात मी सहसा कोणाला हार जात नाही. त्या दुपारी त्याला देण्याजोगे उत्तर शोधत मी भोसरीहून चिंचवडला घरापर्यंत चालत आलो. पुढच्या आठवड्यात तो गेला.