उम्म अल कुवैनच्या वाळूतलं नाणं

मंदीच्या पहिल्या हिवाळ्यात आखातातल्या अल नहदा वस्तीत आमच्या शेजाऱ्याची नोकरी गेली. तो ग्रीक होता, एका बांधकाम कंपनीत सर्व्हेयर. चार वर्षांत लिफ्टमधल्या 'हॅलो'पलीकडे न गेलेला हा माणूस एका शुक्रवारी दारात येऊन म्हणाला, "माझी गाडी विकली. मला उम्म अल कुवैनला न्याल का? तिथे सूर्यदेवाचं जुनं देऊळ आहे."

मला ते खरं वाटेना. तेव्हा लोक कर्ज बुडवून, न सांगता देश सोडून जात होते. "हा आपल्याला कशात तरी अडकवेल," मी नवऱ्याला म्हटलं. तरी लेकीला घेऊन गेलो.

देऊळ खरंच होतं. वाळूत उभ्या चार पडक्या भिंती. इथल्या जुन्या नाण्यांवर सिंहाचं कातडं पांघरलेला ग्रीक पुराणातला वीर हेराक्लीस आहे, असं तो सांगत होता. माझं लक्ष मात्र त्याच्या खिशातल्या हाताकडे होतं. थोड्या वेळाने तो भिंतीआड बसून वाळू उकरू लागला.

"मम्मा, ही इज टेकिंग समथिंग," लेक कुजबुजली.

मी सरळ जाऊन विचारलं, "काय घेताय?"

त्याने मूठ उघडली. आत नखाएवढं झिजलेलं नाणं होतं. "घेत नाहीये. पहिल्या वर्षी इथूनच उचललं होतं. परवा कायमचा घरी चाललोय, म्हणून ठेवून जातो." त्याने ते खड्ड्यात ठेवून वर वाळू सारली.

मला शरम वाटली. तरीही निघण्याआधी मी डिकीतली त्याची पिशवी उघडून पाहिलीच. तिच्यात पाण्याची बाटली होती, आणि 'तुमच्या लेकीसाठी' अशी चिठ्ठी लावलेला चॉकलेटचा डबा.