मळखाऊ संगीत

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावरच्या शिंप्याला सगळे पाठीमागे 'अर्धा इंच' म्हणत. तोंडावर अर्थातच मास्तर. माप घेऊन झालं, की टेप पुन्हा गळ्यात टाकताना ते हमखास म्हणायचे, "अर्धा इंच आत ठेवतो. लागेल." माझ्या बाबतीत हे 'लागेल' इतक्या नियमाने खरं ठरत गेलं, की शेवटी एका पँटीचा जोड उलटून दाखवत ते म्हणाले, "साहेब, आतलं कापड संपलं. आता पुढचं तुम्ही बघा."

दुकान म्हणजे एकच खोली. समोर कापायचं टेबल, त्याच्यामागे मशीन, मशीनपुढे मास्तरांची खुर्ची आणि खुर्चीच्या डाव्या हाताला एक बुटकं स्टूल. स्टुलावर वहिनी, म्हणजे मास्तरांची बायको. मास्तरांनी टीप मारायची, वहिनींनी काजं, बटणं आणि तुरपाई करायची, अशी वाटणी लग्नाच्या दुसऱ्या महिन्यात झाली आणि एकतीस वर्षं टिकली. टीप संपली, की मास्तर दोरा तोडायचे आणि कपडा डावीकडे धरायचे. बघायचे नाहीत. डोळे पुढच्या कपड्यावर. वहिनी "हं" म्हणायच्या, की मास्तर हात सोडायचे. दिवसातून तीस-चाळीस वेळा हे चालायचं. दोघांचं वाजलेलं असेल त्या दिवशीही चालायचं. फक्त त्या दिवशीचं "हं" जरा आखूड असायचं.

वहिनी गेल्या. आजारपण दहा-बारा दिवसांचंच. मास्तर रडले नाहीत. नातेवाईक बिचारे तयारीने आले होते. मास्तरांचे मेव्हणे तर तीन दिवस खिशात घडी केलेला रुमाल घेऊन त्यांच्या शेजारी बसले आणि चौथ्या दिवशी तो कोरा रुमाल घेऊन परत गेले. मास्तरांची एकुलती एक लेक दातांच्या दवाखान्यात कामाला आहे, त्यामुळे घाबरलेल्या माणसाशी हळू बोलायची तिला सवय आहे. ती म्हणाली, "बाबा, एकदा रडून घ्या. मोकळं वाटेल."

"येत नाही," मास्तर म्हणाले. बस येत नाही म्हणावं, तसं.

पंधरा दिवसांनी त्यांनी दुकान उघडलं. मी एक पडदा आखूड करायला घेऊन गेलो आणि बाकावर बसलो. मास्तरांनी एका पँटीची टीप संपवली, दोरा तोडला आणि पँट डावीकडे धरली. धरूनच ठेवली. पंख्याच्या वाऱ्याने पँटीचा एक पाय थोडा हलत होता. मग त्यांनी हात सोडला आणि पँट जमिनीवर पडली.

"पडतं," मास्तर म्हणाले. माझ्याकडे बघून नाही, असंच. "दिवसभर पडतं."

"मग डावीकडे देऊ नका ना. पुढ्यात ठेवा."

"ठरवतो तसं. पण हात माझं ऐकत नाही."

यानंतर काम जवळजवळ थांबलंच. मास्तर मशीनसमोर बसायचे, एखादी टीप मारायचे आणि हात डावीकडे जाईल या भीतीने पुढची मारायचे नाहीत. गिऱ्हाइकांची गाठोडी टेबलाखाली साठत गेली. लेकीने हे पाहिलं आणि एक गिऱ्हाईक शोधून आणलं, कपड्याचं नाही, दुकानाचं. मोबाईलची कव्हरं विकणारा एक माणूस होता, त्याला नेमकी एवढीच जागा हवी होती. महिनाअखेरीला त्याला हो की नाही ते कळवायचं होतं. दुकान द्यायचं आणि मास्तरांनी लेकीकडे राहायला जायचं, असा बेत. तिने पलंगासाठी भिंतसुद्धा मोजून ठेवली होती.

"तिथे ते काय करतील?" मी विचारलं.

"बसतील, काका. एकतीस वर्षं बसलेलेच आहेत की."

"ते बसणं वेगळं."

"मला नाही का कळत? पण इथे त्यांचं जे चाललंय ते मला बघवत नाही."

मास्तर हो म्हणत नव्हते आणि नाहीही म्हणत नव्हते. विचारलं, की म्हणायचे, "बघू." महिना संपायला सोळा दिवस असताना एका सकाळी जिन्यात त्यांनी मला थांबवलं.

"कानात घालायला काहीतरी पाहिजे."

"दुखतोय का कान?"

"नाही. वाट बघतो." मग त्यांना वाटलं असावं, की माणूस चांगला शिकलेला आहे पण फोड करून सांगावं लागेल. "कपडा धरला की कान वाट बघतो, साहेब. कापूस घालून पाहिला. तरी बघतोच. आत काहीतरी चालू असलं, तर नाही बघणार."

मी मोबाईल सुचवला. तो लेकीने आधीच देऊन पाहिला होता. "गाणं लागतं. मग मध्येच कोणीतरी फोन करतं आणि विचारतं, कसे आहात." रेडिओही लावून झाला होता. त्यात एक बाई फार बोलायची. मला आठवलं, की दोन गल्ल्या सोडून असलेल्या रेडिओवाल्याच्या काचेच्या कपाटात सीडी वाजवायची ती चपटी गोल यंत्रं अजून पडलेली आहेत. त्यात फोन येत नाही, बाई येत नाही. एक तबकडी घालायची, ती संपेपर्यंत चालते आणि गप्प बसते.

रेडिओवाल्याने आमची मागणी ऐकली आणि चष्मा वर केला. "सीडी प्लेअर? वापरायला? की कपाटात ठेवायला?" पण कपाट उघडताना त्याचा चेहरा उजळला. तीन यंत्रं होती. त्याने ती टेबलावर अशी मांडली, जशी काही तिन्ही उपवर मुलीच. पहिलं चंदेरी आणि पातळ. दुसऱ्याच्या वायरवरच बटणं होती. तिसरं काळं, जाडजूड, अंगाने माझ्यासारखं.

"हे काळं दिसायला जाऊ द्या," रेडिओवाला म्हणाला, "पण गुणी आहे. धक्का लागला तरी गाणं उडत नाही. पुढचं थोडं गाणं आधीच वाचून आत ठेवतं."

"किती ठेवतं?" मास्तरांनी पहिल्यांदा तोंड उघडलं.

"चाळीस सेकंद."

मास्तरांनी मान डोलावली. आत थोडं शिल्लक ठेवणारा कोणीही त्यांना आपल्या धंद्यातला वाटतो. त्यांनी गळ्यातला टेप काढला, काळ्याची रुंदी घेतली, जाडी घेतली. "सव्वापाच. खिसा सहाचा लागेल." मग त्याच्याबरोबर येणारी कापडी पिशवी उलटी करून पाहिली. "शिलाई कच्ची आहे. चेनसुद्धा तिरकी."

"मास्तर, आवाज ऐका ना आधी," रेडिओवाला म्हणाला.

"आवाजातलं मला कळत नाही."

कानात खोचायची बोंडं त्यांनी बाजूला सारली आणि पूर्ण कान झाकणारे, गुबगुबीत गादीचे हेडफोन निवडले. आता सीडी. रेडिओवाल्याने विचारलं, जुनी गाणी, नवी गाणी, भक्तीची, प्रेमाची?

"शब्द नकोत," मास्तर म्हणाले. "मळखाऊ काहीतरी द्या."

चाळीस वर्षं गाणी विकणाऱ्या त्या माणसाकडे अशी मागणी कोणी केली नसणार. पण तो हसला नाही. खालच्या खणात हात घालून त्याने एक सीडी काढली. "सव्वा तास नुसतं व्हायोलिन. कुठे चढत नाही, कुठे पडत नाही. चार वर्षांत कोणी नेली नाही."

"हीच."

दुसऱ्या दिवशी मास्तर यंत्र घेऊन परत रेडिओवाल्याच्या दुकानात. मला जिन्यातच पकडून नेलं, साक्षीदार म्हणून. "गात नाही." रेडिओवाल्याने सीडी घातली, बटण दाबलं, गायलं. घरी नेलं. तिसऱ्या दिवशी परत. "तुमच्याकडे गातं, माझ्याकडे नाही." आता रेडिओवाल्यालाही आपल्या गुणी मुलीबद्दल शंका यायला लागली. "मास्तर, माझ्यासमोर लावा बरं."

मास्तरांनी झाकण उघडलं आणि सीडी चकचकीत बाजू वर करून नीट, हळुवारपणे बसवली.

"उलटी लावताय."

"सुलट आहे."

"नाही हो, छापलेली बाजू वर पाहिजे."

"छापलेलं म्हणजे लेबल," मास्तर म्हणाले. "लेबल आत असतं. चकाकी बाहेर. आयुष्यभर तेच करतोय."

मी हसलो. रेडिओवाल्याने दुसरीकडे तोंड फिरवून फडकं शोधल्यासारखं केलं. मास्तरांनी सीडी काढून दोन्ही बाजूंनी पाहिली, उलटून परत घातली. "असेल तुमच्यात तशी पद्धत," एवढंच म्हणाले. ओशाळले नाहीत. पूर्वीचे मास्तर चार दिवस हा किस्सा गिऱ्हाइकांना सांगून स्वतःच हसले असते.

पुढची अडचण मशीनची. यंत्र मशीनच्या फळीवर ठेवलं, की आखूड टीप असेपर्यंत व्हायोलिन सरळ. पण लांब टीप पाच-सहा मिनिटं चालली, की फळीच्या थरथरीने ते चाळीस सेकंद संपायचे आणि व्हायोलिनला उचकी लागायची. मास्तरांनी यावर विचार केला नाही, सरळ कात्री घेतली. कोणीतरी सात वर्षांपूर्वी शिवायला टाकून विसरलेला कोट होता, त्याच्या खांद्यांचे दोन पॅड काढले, त्यांच्यामध्ये यंत्र बसेल अशी जाड कापडाची पिशवी शिवली, तिला पट्टा लावला आणि ती गळ्यात अडकवून छातीवर घेतली. वर ते मोठे हेडफोन. थेट बसच्या कंडक्टरसारखे दिसत होते.

"एक तिकीट द्या, शेवटच्या स्टॉपचं," मी म्हणालो.

त्यांना ऐकू गेलं नाही. माझा विनोद वाया जाण्याचं दुःख मला नवं नाही, पण हा मला वाया गेल्यासारखा वाटला नाही.

त्या दिवशी मी बाकावर बसून राहिलो. मास्तरांनी टीप मारली, दोरा तोडला, कपडा डावीकडे धरला आणि लगेच सोडला. थांबले नाहीत. कपडा पडला. तो पडल्याचा आवाज त्यांच्यापर्यंत पोचला नाही. पुढची टीप. पुढचा कपडा. दोन महिन्यांत पहिल्यांदाच मशीन एका लयीत चाललं होतं. सव्वा तासाने सीडी थांबली, तेव्हा मास्तरांनी हेडफोन मानेवर घेतले आणि डावीकडे पाहिलं. स्टुलाशेजारी ढीग पडला होता. चार पँटी, एक सदरा, शाळेचा एक स्कर्ट.

मी उचलायला उठलो.

"राहू द्या."

ते बराच वेळ बघत बसले. चेहऱ्यावर काही नव्हतं. मला वाटलं, आता तरी येईल. नाही आलं. ते उठले, एकेक कपडा उचलून झटकला, घडी करून टेबलावर ठेवला. मग खुर्चीत न बसता स्टुलावर बसले. स्टूल बुटकं, मास्तर उंच. गुडघे हनुवटीला लागायला आले. सुई घेतली, कापडावर खडूची रेघ काढली, सीडी पुन्हा सुरू केली आणि काज करायला घेतलं.

एकतीस वर्षांत त्यांनी एकही काज केलं नव्हतं. पहिलं काज दाढ दुखणाऱ्या माणसाच्या तोंडासारखं झालं. उसवलं. दुसरं जरा बरं, पण त्यातून बटणाऐवजी अंगठा गेला असता. उसवलं. सव्वा तासात तीन काजं झाली.

हेडफोन काढून ते मला म्हणाले, "ती तासाला बारा करायची."

वहिनींबद्दल ते पहिल्यांदाच बोलले. कोणाच्या कमरेचं माप सांगावं, त्याच आवाजात.

पुढे हीच रीत पडली. सकाळी खुर्ची, व्हायोलिन, डावीकडे ढीग. दुपारी स्टूल, तेच व्हायोलिन, काजं. रेडिओवाल्याने दुसरी सीडी देऊ केली, तर म्हणाले, "ही अजून विरलेली नाही." टेबलाखालची गाठोडी कमी होत गेली. तक्रारीही आल्या. एक बँकेतला माणूस येऊन म्हणाला, "मास्तर, बटण जात नाही हो यातून." मास्तरांनी पँट बघितली. "जाईल. सवय झाली की जाईल." कोणाला सवय झाली की, ते त्यांनी सांगितलं नाही.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी लेक कव्हरवाल्याला घेऊन आली. माणूस भला होता. खांद्यावर नमुन्यांची मोठी बॅग घेऊन दारातच उभा राहिला, चपला काढाव्यात की नाही या विचारात. मास्तर स्टुलावर होते. लेकीने दोनदा हाक मारली. मग तिने पुढे होऊन त्यांच्या एका कानावरची गादी हलकेच बाजूला केली.

"बाबा, हे आलेत. काय सांगू?"

"एकोणीस काजं राहिलीत."

"ती दुसऱ्या कोणाकडून करून घेऊ, बाबा. तुमच्यापेक्षा बरी होतील, खरं सांगू का?"

"होतील." मास्तरांनी मान्य केलं.

"मग?"

त्यांनी सुई उजेडाकडे धरली. दोरा पहिल्यांदा गेला नाही, दुसऱ्यांदा गेला.

"तुम्हाला इथे बरं वाटतं का?" लेकीने विचारलं. दवाखान्यातल्या आवाजात नाही, स्वतःच्या.

मास्तरांनी प्रश्नाचा विचार केला. खरंच केला, मी बघत होतो.

"वाटत काही नाही," ते म्हणाले. "घरीही वाटत नव्हतं. इथे हात चालतो."

लेकीने टेबलावरची एक पँट उचलली, तिचं वेडंवाकडं काज बोटाने चाचपलं आणि पँट पुन्हा घडी करून ठेवली. कव्हरवाल्याकडे वळून ती म्हणाली, "तुम्हाला हेलपाटा पडला. दुकान द्यायचं नाही."

कव्हरवाल्याने खोलीभर एक नजर फिरवली आणि मान हलवली. जायला वळला, पण गेला नाही. खांद्यावरून बॅग उतरवून त्याने टेबलावर ठेवली. तिचा पट्टा मुळापाशी निम्मा तुटला होता आणि सुतळीने बांधला होता.

"मग एवढा बंद तरी शिवून द्याल का?"

मास्तरांनी पट्टा हातात घेऊन ओढून पाहिला, सुतळीची गाठ सोडली आणि तुटलेल्या जागी खडूने खूण केली.

"सामान काढून घ्या," ते म्हणाले. "शनिवारी या."