माझ्या नावाची काठी

त्या दुष्काळात आमच्या घरी परातीत उभं राहून आंघोळ करायची पद्धत पडली होती. टँकरचं पाणी अंगावरून परातीत उतरायचं, परातीतून बादलीत जायचं आणि शेवटी दारातल्या लिंबोणीला मिळायचं. लिंबोणी मजेत होती. पण साबणाच्या पाण्यातून पाय उचलून परातीबाहेर टाकणं सत्तरी ओलांडलेल्या माणसाचं काम नव्हे.

आण्णा, म्हणजे माझे वडील आणि गावच्या शेतकी सोसायटीचे चेअरमन, एका सकाळी परातीसकट आडवे झाले. खुबा काळानिळा झाला, हाड वाचलं. बीडच्या डॉक्टरांनी फोटो उजेडात धरून बजावलं, "या वेळी थोडक्यात सुटले. परत पडले आणि खुबा मोडला तर या वयात अंथरूण सुटणं अवघड. काठी वापरा."

"बरं," आण्णा म्हणाले आणि दवाखान्याची पायरी उतरताच त्यांनी जाहीर केलं, "काठी घेनार न्हाई."

"कावून?"

"सोसायटीची निवडनूक तोंडावर हाय. चेअरमनच्या हातात काठी दिसली की लोकं मला भेटाया येत्याल, मत द्यायला न्हाई."

मी नेकनूरला शाळेत मास्तर. मला उपाय सुचतात, हा माझा जुना आजार. मी बाजारातून लांब दांड्याची, वाकड्या मुठीची दणकट छत्री आणली. काठीचं काम करते आणि काठी दिसत नाही. आण्णांना ती लगेच पटली, तिथंच मला शंका यायला हवी होती.

जिथं लोक आभाळाकडं बघायचंही सोडून बसले होते, त्या गावातून आण्णा छत्री टेकत निघाले. पारावरच्या एका म्हाताऱ्यानं हळूच विचारलं, "आण्णा, काई खबर हाय का?" एका बाईनं अंगणातले सांडगे आत नेले. आण्णा मात्र ताठ चालत होते आणि पडत नव्हते. मी स्वतःवर खूश होतो.

मग निवडणुकीची चिन्हं वाटली गेली. विरोधी पॅनलला छत्री मिळाली.

विरोधी पॅनलचा पुढारी जातीनं घरी आला आणि हात जोडून म्हणाला, "आण्णा, तुमच्यावानी परचार आमच्या पोरांनाबी जमंना." आण्णांनी त्याला चहा पाजला. तो गेल्यावर छत्री माळ्यावर गेली. आमच्या पॅनलला कपबशी मिळाली होती. तिच्यावर भार टाकता येत नाही.

आण्णा पुन्हा मोकळ्या हातानं हिंडू लागले. न्हाणीत भांडं पडलं तरी आई चुलीपुढून उठून धावायची. तेव्हा मी दुसरा उपाय काढला. बोअर आटल्यापासून शेतातला लोखंडी पाइप नुसता पडून होता. त्याचा तुकडा न्हाणीच्या भिंतीत आडवा बसवला, की धरायला झालं. गवंडी कशाला, मी आहेच. मातीच्या भिंतीला भोकं पाडायला वेळ लागत नाही, याचा मला त्या वेळी आनंद झाला.

आईनं विचारलं, "आरं, भार घेईल का ह्यो?"

"माझा घेतला तर आण्णांचा घेईलच," म्हणत मी परातीत उभा राहिलो. खात्री पक्की व्हावी म्हणून पाण्यात साबणही कालवला आणि पाइपला लोंबकळलो. पाइप माझ्या हातातून सुटला नाही. भिंतीतून सुटला.

बीडला तेच डॉक्टर होते. त्यांनी आधी आण्णांकडं बघितलं, मग आण्णांनी धरून आणलेल्या माझ्याकडं. घोट्याला प्लास्टर घातलं आणि काठी लिहून दिली.

अशी आमच्या घरात काठी आली. रीतसर, माझ्या नावानं.

पहिल्या दिवशी मी खाटेवरून हाक मारली, तेव्हा आण्णा ती टेकत टेकतच मला द्यायला आले आणि टेकत टेकतच परत घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी तिचं खालचं रबरी बूच सैल झालं म्हणून दुरुस्तीला निघाले. बूच बसवायला त्यांना अख्खं गाव फिरावं लागलं. कुणी विचारलं की म्हणायचे, "पोराची हाय. पडलं येडं." मी घरात भिंत धरून एका पायावर उड्या मारत होतो.

"लंगड्याची काठी घेऊन हिंडताय, लाज वाटत न्हाई?" आई म्हणाली. पण त्याच संध्याकाळी तिनं परातीपुढं गोणपाट टाकलं आणि त्याच्याशेजारी भिंतीला काठी टेकवून ठेवली.

आण्णा निवडून आले. लोक म्हणाले, या वयात बिचारा पोराचं करतोय.

यथावकाश माझं प्लास्टर निघालं. मी अंगणात सरळ चालून दाखवलं. भाकरी थापता थापता आईनं वर बघितलं आणि दबक्या आवाजात म्हणाली, "लंगड की जरा, शाना हायेस तर."

आण्णा ओसरीवर येऊन उभे होते. काठी त्यांच्या हातात होती.

"पाय कसा हाय?"

"दुखतोय आजून," मी लंगडत म्हणालो. "लई दुखतोय."

"मंग तू बस. आसू दे ही माझ्यापाशी," ते म्हणाले आणि काठी टेकत आंघोळीला गेले.