जेवण नाकारलं

पंचावन्न साली माझी पोस्टिंग नागपुरातल्या एका लहानशा लष्करी इस्पितळात झाली. मी नर्सिंग ऑर्डर्ली, हुद्दा लान्स नायक. घर पारशिवनीजवळ, बसनं जाता येईल एवढ्यावर, तरी सहा महिने रजा नाही. लोकांना वाटतं, फौजी म्हणजे बंदूक. मी नोकरीत बेडपॅनच जास्त उचलले, त्याची मला लाज नाही.

वॉर्डचा दिवस ठरलेला. ०५३० ला चहा. ०६०० ला टेंपरेचर. ०९०० ला मेजर साहेबांचा राउंड. राउंडच्या वेळी पेशंटनं झोपल्या झोपल्या सावधान व्हायचं. टाचा जुळलेल्या, हात सरळ. साहेब विचारणार, "कोई तकलीफ?" जवान म्हणणार, "नहीं साहब." पाय कापलेला असला तरी तेच.

कोपऱ्यातल्या पलंगावर सिग्नल्सचा, म्हणजे वायरलेसवाल्या दलाचा, हवालदार धकाते होता. उमरेडचा, विणकरांच्या घरातला. त्याच्या रोगाला आज मल्टिपल स्क्लेरोसिस म्हणतात. नसा कामातून जातात. पाय गेले होते, हात थरथरायचे, म्हणून भरवायचं काम माझं. भेटायला कोणी येत नसे, त्यालाही अन् मलाही. घास गिळला की तो वायरलेसवर बोलल्यासारखा म्हणायचा, "ओव्हर." म्हणजे पुढचा घास पाठव. त्या वॉर्डात हसण्यासारखं तेवढंच होतं.

एका सकाळी त्यानं चपाती पाहून तोंड फिरवलं.

"काहून जी हवालदारसाहेब, उमरेडचा ठेचा पाहिजे का तुमाले?" मी चिडवलं.

"राहू दे गा," तो दातांतल्या दातांत म्हणाला.

दुसऱ्या दिवशीही तेच. दोन घोट दूध घ्यायचा, बस्स. फौजेत अन्न नाकारणं म्हणजे बेशिस्त. माझं डोकं फिरलं. "नाटकं करून राहिले का? मले फासावर चढवता का?" डाएट शीटवर मी लिहिलं, 'जेवण नाकारलं.' नऊ दिवस लिहिलं. राउंडला साहेबांनी विचारलं की धकाते ओठ न उघडता मान हलवायचा. तकलीफ नाही. सगळं शिस्तीत बसत होतं.

दहाव्या दिवशी नाडी हाताला लागेना. ऑर्डर आली, नाकातून नळी घाला. ०९४० ला मी नळी सरकवली. त्याला ठसका लागला, तोंड वासलं आणि वासलेलंच राहिलं. जबडा मिटेना. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"साहब!" मी ओरडलो.

मेजर धावत आले. मी नळी काढली. त्यांनी अंगठ्यांना गॉज गुंडाळली, मागच्या दाढांवर ठेवून खाली अन् मागे दाबलं. कट्. जबडा बसला. मग कानापुढं बोट ठेवून त्याला हळूच तोंड उघडायला लावलं. पुन्हा कट्.

"कब से दुखता है?"

"दस दिन, साहब."

"बोला क्यों नहीं?"

"राउंड में तो 'नहीं साहब' ही बोलते हैं, साहब."

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

या रोगात जबड्याचे स्नायू आवळतात, सांधा दुखतो, अडकतो, हे त्यांनी मला तेव्हा समजावलं. गरम शेक, पातळ अन्न, लहान चमचा. मी भाताची पेज भरवायला बसलो.

"मले तरी सांगायचं ना जी."

"पाय गेले, हात गेले," तो म्हणाला. "सेटवर बोलणारा माणूस मी. आता तोंडही गेलं, असं कसं सांगू गा?"

मग चमचाभर पेज गिळली. "ओव्हर." मला रडू आलं, खरं सांगतो.

पण देह खंगला होता. तिसऱ्या आठवड्यात छातीत कफ भरला. दुपारी १४१० ला गेला. उमरेडहून कोणी पोचलं नव्हतं. मी एकटाच जवळ होतो.

फाइल बंद करायचं काम माझ्याकडं आलं. नऊ ओळी, माझंच अक्षर. फौजेच्या कागदावर खोडाखोड चालत नाही, तशाच गेल्या.

आज घरात कोणी पोरानं ताट सरकवलं की सून रागावते. मी आधी विचारतो, "दुखते का गा?"

हवालदार धकाते, सिग्नल्स, उमरेड. त्यानं जेवण कधीच नाकारलं नव्हतं. मी विचारलं नव्हतं.