देवधरची लाल गाडी आणि तिसरी मात्रा

किश्शांचं एक बरं असतं, ते जपून ठेवावे लागत नाहीत. गाडीखाली ऑइलचा डाग पडावा तसे आपोआप पडत जातात, आणि पुसायला गेलं की आणखी पसरतात! आमच्या नोएडाच्या कंपूकडे जेवढे किस्से आहेत ते सगळे एकाच गाडीचे. गाडी चालली फार थोडी, किस्से मात्र अजून चालतायत.

गाडी देवधरची. हा माझा पुण्याचा कॉलेजातला दोस्त, नोएडाच्या एका फॅक्टरीत क्वालिटी कंट्रोलला. तेव्हा सेक्टर नुकतेच वसत होते, घरासमोर रस्ता आणि रस्त्यापलीकडे शेत. एक परदेशी साहेब दिल्ली सोडून निघाला होता, त्याच्याकडून यानं जुनी लाल इंग्लिश स्पोर्ट्स कार उचलली. छप्पर कापडी, सीटा दोन.

नंदावहिनी दारात आल्या. गाडीकडे बघितलं, कडेवरच्या मुक्ताकडे बघितलं.

"अहो, आपण तिघं आहोत!"

"पाळीपाळीने जाऊ ना," देवधर म्हणाला.

*

पाळी कुणाचीच आली नाही. किल्ली देवधर कुणाच्या हाती देईना. वहिनींनी लग्नाआधी साताऱ्याला वडिलांची जीप चालवलेली, घाटातूनसुद्धा! पण इथे त्या तबल्याच्या क्लासला करोल बागेत बसनं जायच्या. एका हातात तबला, दुसऱ्या हातात डग्गा, आणि कंडक्टर विचारायचा, "बहनजी, मटके कितने के?"

पुढे बाजारात नव्या छोट्या गाड्या आल्या. ऑफिसातला जो तो बुकिंग करून बसला. वहिनींनीही देवधरला हाताला धरून शोरूममध्ये नेलं आणि येताना निकाल ऐकवला.

"दसऱ्याला नवी गाडी येतेय. शेड एकच आहे. त्या दिवशी तुमची लाल गाडी स्वतःच्या चाकांवर गेटबाहेर जाऊन परत आली, तर ठेवा. नाहीतर भंगार न्यायला कबाडीवाला येईल. मी सांगून ठेवलंय त्याला."

आता त्या दिवसांत लाल गाडी सुरू व्हायची, पण गेटच्या चढावरच दम टाकायची आणि मधेच खोकायची. मुक्ता तर म्हणायची, "बाबा, गाडीला खांसी झालीये." देवधरचा चेहरा असा उतरला की मला खरंच वाईट वाटलं. यार, ती गाडी म्हणजे त्याचा जीव होता. घरी फोन करताना आईला आधी गाडीची खुशाली सांगायचा!

*

मग दर रविवारी आम्ही तिघं शेडमध्ये. देवधर, मी आणि डॉक्टर फर्नांडिस. फर्नांडिस वसईचा, दातांचा डॉक्टर, सेक्टरच्या मार्केटमध्ये दवाखाना. आमच्यात सगळ्यात शुद्ध मराठी त्याचंच.

चार सिलिंडरांपैकी एक नीट काम करत नाही, एवढं कळलं होतं. पण कुठलं? देवधर म्हणाला प्लग, प्लग बदलले. मी म्हणालो कार्ब्युरेटर, तो धुतला. फर्नांडिस म्हणाला, "आधी चहा." निदान तेवढं एक काम जमलं.

आत वहिनी मुलांना तबल्यावरचा कायदा शिकवत होत्या. आमचा स्टार्टर घरघरला की मुलांचे बोल चुकायचे. शेवटी त्या वैतागून बाहेर आल्या.

"अहो, केव्हापासून एक मात्रा हलकी पडतेय, ऐकू येत नाही का तुम्हाला?"

"कुठली?" देवधर एकदम उभा राहिला.

"सम दाखवा, सांगते."

आता इंजिनाची सम कुठून आणायची? पण देवधरनं आणली! डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढलं. आतला काटा पहिल्या सिलिंडरवर आला की तो टाळी द्यायचा. मी स्टार्टर मारला. घर्र-घर्र-घर्र-घर्र, टाळी! घर्र-घर्र-घर्र-घर्र, टाळी! वहिनी डोळे मिटून, मांडीवर बोटं मोजत उभ्या. शेजारच्या चढ्ढा आंटी भिंतीवरून डोकावल्या आणि हात जोडून परत गेल्या. त्यांना वाटलं कीर्तन आहे.

"तिसरी," वहिनी म्हणाल्या. "तिसरी मात्रा." आणि आत गेल्या.

*

झालं! देवधर तीन नंबरच्या सिलिंडरवर तुटून पडला. प्लग, वायर, व्हॉल्व्हचं सेटिंग, सगळं तपासलं. तीन नंबर ठणठणीत. पुढच्या रविवारी परत उघडलं, परत ठणठणीत. देवधर चिडला.

"नंदाचा कान गेला," तो हळूच म्हणाला.

"मोठ्यानं म्हण," फर्नांडिस म्हणाला. "आत ऐकू जाऊ दे."

देवधर पुन्हा प्लग पुसायला लागला.

फर्नांडिस उगाच इंजिनाच्या खोलीत इकडेतिकडे बघत होता. एअर फिल्टरच्या डब्यावर पांढऱ्या ऑइलपेंटनं मोठ्ठे आकडे रंगवले होते. एक-तीन-चार-दोन.

"देवधर, हा कुणाचा फोन नंबर?"

"फोन कसला! फायरिंग ऑर्डर आहे ती. सिलिंडर या क्रमानं पेटतात. आधी एक, मग तीन, मग..." आणि देवधर तोंड उघडं टाकून थांबला.

तिसरी मात्रा म्हणजे चार नंबरचं सिलिंडर! आकडे त्यानंच रंगवलेले, त्यानंच वर दोन हात वॉर्निश मारलेलं.

"कान जागेवर आहे," फर्नांडिस म्हणाला. "डोळे दाखवून घे."

*

चार नंबर उघडला, तर एक व्हॉल्व्ह जेमतेम हलत होता. म्हणजे दुखणं खाली, कॅमशाफ्टमध्ये. कॅमशाफ्ट म्हणजे इंजिनाच्या पोटातला लांब दांडा. त्याच्यावर ओळीनं उंचवटे असतात. दांडा फिरतो तसे ते उंचवटे व्हॉल्व्ह उघडतात. उंचवटा झिजला की व्हॉल्व्ह उघडत नाही आणि सिलिंडर उपाशी राहतं.

पण खात्री कशी करायची? बाजूची पत्र्याची झाकणं काढली तरी आत डोकं जाईना. फर्नांडिस मुकाट्यानं दवाखान्यात जाऊन आला. हातात दात बघायचा छोटा आरसा आणि कपाळावर दिवा!

"मोठा आ कर," तो गाडीला म्हणाला. सवय हो, दुसरं काय.

आम्ही दोघं मागून वाकलो. तो एकेक उंचवटा बघत गेला. "हा छान. हाही छान. लिंबासारखे टोकदार आहेत... अरे देवा! हा तर पेढा झालाय, पेढा!"

"भरता येईल?" देवधरनं विचारलं. त्याचा आवाज अगदी पेशंटसारखा झाला होता.

"नाही. पूर्ण कवळीच बदलावी लागेल."

*

मग फर्नांडिसनं पेशंटची हिस्टरी घेतली. सोडतो काय!

"रोज किती चालते?"

"रोज नाही चालत. दर रविवारी सुरू करतो, बॅटरी उतरू नये म्हणून."

"आणि?"

"आणि मग आंघोळ करून, पोहे खाऊन बंद करतो."

"म्हणजे तोवर जागेवरच गुरगुरत असते?"

"हो. आणि दसऱ्याला पूजेच्या वेळी. तेव्हा जरा जास्त."

जरा जास्त! दसऱ्याला देवधरकडे नोएडातली झाडून सगळी मराठी मंडळी जमायची. गाडी सुरू करून ठेवायची आणि तिच्यासमोर झाडून सगळ्या आरत्या, एकही कडवं न गाळता. वर मंत्रपुष्पांजली. मग कुणीतरी उशिरा यायचं, त्याच्यासाठी परत एक. देवधरचं म्हणणं, "बंद गाडीला ओवाळणं म्हणजे झोपलेल्या पाहुण्याला ओवाळणं."

आता इंजिन असं जागेवर हळूहळू फिरत राहिलं की कॅमशाफ्टवर तेल नीट उडत नाही. कोरडं घासतं. कितीतरी दसरे घासलं होतं!

फर्नांडिसनं आरसा पुसून खिशात ठेवला. "देवधर, तुझी गाडी भक्तीनं झिजलीये रे."

*

नवी कॅमशाफ्ट शोधायला आम्ही करोल बागेत गेलो. दुकानदारानं जुनी हातात घेऊन उलटसुलट केली, "बिल्कुल मिलेगी जी," म्हणाला आणि आतून एक दांडा घेऊन आला. आमच्या दांड्याच्या दीडपट!

"ये तो ट्रॅक्टर की है," देवधर म्हणाला.

"गाडी कहाँ खड़ी है आपकी?"

"नोएडा."

"तो फिर ठीक है ना जी! वहाँ खेत ही खेत हैं."

*

शेवटी नशिबानं माझीच कंपनीकडून इंग्लंडची वारी निघाली. देवधर मला विमानतळावर सोडायला आला, हार घेऊन! आईला सोडायला कधी हार नेला नव्हता त्यानं.

येताना कॅमशाफ्ट बॅगेत, ग्रीस लावून, कागदात, आणि वर माझे दोन स्वेटर. दिल्लीला कस्टमच्या साहेबानं बॅग उघडायला लावली. त्याला सवय टेप रेकॉर्डर आणि व्हिडिओची. त्यानं ती काळी, गाठीगाठीची वस्तू दोन बोटांनी उचलली.

"ये क्या है?"

"जी, कॅमशाफ्ट."

"चलती है?"

"जी, बिल्कुल नई है."

"चलाकर दिखाइए."

"साहब," मी म्हणालो, "बाकी की गाडी नोएडा में है!"

त्यानं माझ्याकडे बघितलं, वस्तूकडे बघितलं, आणि दोन्ही घेऊन जायला सांगितलं. स्वेटर आजतागायत घालता आले नाहीत, ग्रीस जात नाही.

*

इंजिन जुळलं ते थेट दसऱ्याच्या सकाळी. कबाडीवाला हातगाडी घेऊन गेटपाशी येऊन बसलेला! वहिनींनी त्याला चहासुद्धा दिला होता.

आणि आता खरी मेख. नवी कॅमशाफ्ट बसवली की इंजिन सुरू झाल्या क्षणापासून वीस मिनिटं ते मिनिटाला दोन हजार फेऱ्यांच्या वेगावर धरून ठेवायचं. मधे मंद होऊ द्यायचं नाही, नाहीतर नवे उंचवटे पहिल्याच दिवशी खलास. दुसरी कॅमशाफ्ट कुठून आणणार? आणि वेग दाखवणारा काटा तर कित्येक वर्षं मेलेला!

देवधरनं पूजा मांडली. पाने, स्क्रू ड्रायव्हर, फर्नांडिसचा आरसा, सगळं बॉनेटवर. वहिनींचा तबला-डग्गा हार घालून शेजारच्या सीटवर. गाडी सुरू केली आणि बसला ॲक्सिलरेटरवर पाय ठेवून. पण पाय असा थरथरायला लागला की इंजिन वर जातंय, खाली येतंय, परत वर.

चढ्ढा आंटी ओरडल्या, "भाईसाहब, गन्ने का रस निकाल रहे हो क्या?"

"मंद होतंय, मंद होतंय!" मी ओरडलो. देवधरला घाम फुटला. डोळ्यांत पाणीच यायचं बाकी होतं.

"अहो, एक सूर धरा की!" वहिनी कडाडल्या. "भाऊजी, किती हवंय?"

"दोन हजार! फेऱ्याला दोन ठोके, म्हणजे सेकंदाला सहासष्ट!" आम्ही कॉम्प्युटरवाले, एवढं तोंडपाठ.

वहिनींनी आतून पेटी मागवली आणि खर्जातल्या पट्ट्या दाबून बघितल्या. "सहासष्ट म्हणजे ही, पांढरी एक. हो ना? उठा तुम्ही! पाय न काढता सरका!"

कसे सरकले देव जाणे, पण इंजिन पडलं नाही. वहिनी बसल्या, आणि काय सांगू, आवाज असा लागला की तंबोराच! जराही हलेना. बाहेर देवधर ओवाळतोय, आम्ही द्रुत लयीत आरत्या म्हणतोय, फर्नांडिस टाळ्या देतोय, कबाडीवालाही देतोय.

"झाली वीस मिनिटं!" मी ओरडलो. "वहिनी, आता बंद करा!"

वहिनींनी गिअर टाकला.

लाल गाडी शेडमधून निघाली, गेटमधून निघाली, शेताच्या कडेनं धूळ उडवत गेली ती दिसेनाशीच झाली. देवधर निरांजन हातात धरून रस्त्यात उभा. कबाडीवाल्यानं हातगाडी उचलली आणि सलाम करून निघून गेला.

दुपारी शोरूमवाल्यानं नवी कोरी गाडी आणून दारात लावली, फुगे बांधून. देवधरनं तिच्याकडे मान वळवूनही बघितलं नाही. तो गेटवरच.

मग लांबून तो सूर आला. पांढरी एक. वहिनी आल्या, केस पार विस्कटलेले, नाकाला धूळ. एका झोकात गाडी शेडमध्ये घातली, बंद केली, आणि किल्ली पर्समध्ये टाकून चेन ओढली.

देवधर शेडमध्ये धावला. "तू... कुठपर्यंत गेली होतीस?"

"करोल बाग. क्लासपर्यंत." त्यांनी शेजारच्या सीटवरच्या डग्ग्याचा हार सारखा केला. "बरोब्बर मावतात हो दोघं, अजिबात हलत नाहीत. मुक्ताला उद्यापासून शाळेत नव्या गाडीतून तुम्ही सोडा."